लेकरू जन्मतः नास्तिक? वासरूही मग नास्तिकच

परभणीच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर, मग नात्यातल्या दोन ग्रुपांवर, एकच मजकूर फिरतोय: ‘प्रत्येक मूल जन्मतः नास्तिक असतं, देव घरचे शिकवतात. अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही म्हणणारा) म्हणजे भित्रा नास्तिक. देवाचं नाव काढलं नाही तर पुढची पिढी आपोआप नास्तिक निघेल.’ मी देव मानत नाही, म्हणून मला तो हौसेनं पाठवला गेला. पण आपल्या बाजूचा म्हणून कच्चा माल का खपवायचा?

पहिलं वाक्य जुनंच आहे. फ्रेंच विचारवंत दोल्बाकनं १७७२ साली ते लिहिलं होतं. देवाची कल्पना नसणं एवढाच नास्तिकाचा अर्थ धरला, तर गोठ्यातलं वासरूही नास्तिक आणि बांधावरचा धोंडाही. ज्यानं हुरडा कधी पाहिलाच नाही, त्याला हुरडा आवडत नाही असं आपण म्हणतो का?

बरं, लेकराचं डोकं कोरंही नसतं. डेबोरा केलेमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांना विचारलं, खडक टोकदार का असतात? प्राण्यांनी त्यांच्यावर बसू नये म्हणून, अशा धर्तीचं उत्तर मुलांना पटायचं. माझ्या भाचीला वेरूळला विचारलं, डोंगर एवढा मोठा कशाला गं? म्हणाली, ‘लेण्या कोरता याव्यात म्हणून.’ प्रत्येक गोष्टीमागं हेतू शोधायची ही खोड लहानपणापासूनच दिसते. अर्थात यावर कीर्तनकार मंडळींनी टाळ वाजवायचं कारण नाही. हेतू दिसणं वेगळं आणि तुळजाभवानी किंवा वैजनाथ मानणं वेगळं. ते घरातून, वारीतून, जत्रेतून येतं.

वेरूळ निघालंच आहे म्हणून सांगतो. ‘नास्तिक’ हा शब्द आपल्याकडं देवापुरता कधीच नव्हता. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रावरचा काशिका हा टीकाग्रंथ परलोक मानणाऱ्याला आस्तिक म्हणतो. मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा नास्तिक. म्हणजे वेद न मानणारे बौद्ध आणि जैन त्या यादीत गेले, आणि ईश्वराशिवाय विश्वाची मांडणी करणारं सांख्य दर्शन मात्र आस्तिकांच्या पंगतीत बसलं. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १२ बौद्ध आणि ५ जैन. त्या हिशेबानं बरोबर निम्मी लेणी नास्तिकांची! तेव्हा कोणता अर्थ घेतलाय हे न सांगता ‘जन्मतः नास्तिक’ म्हणणं म्हणजे माप न दाखवता धान्य मोजणं.

भित्रेपणाचं तर हसूच येतं. अज्ञेयवादासाठीचा इंग्रजी शब्द १८६९ साली थॉमस हक्स्लीनं घडवला. हाच माणूस १८६० साली ऑक्सफर्डला भर सभेत उत्क्रांतीवरून बिशपाशी भिडला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की जे सिद्ध करता येत नाही ते ठाऊक असल्याचा आव आणू नये. नास्तिकता हे मानण्या-न मानण्याचं उत्तर आहे, अज्ञेयवाद हे कळण्या-न कळण्याचं. एकाच माणसाची दोन्ही उत्तरं ‘नाही’ असू शकतात, माझी आहेत.

उरलं ते नाव न काढण्याचं. घरच्या वळणाचा परिणाम होतोच, ते नाकारत नाही. पण ‘आपोआप’ हा शब्द खोडा. आमच्या घरात देवघर नाही. तरी लेक पाच वर्षांची असताना अंगणातल्या एका गोट्याला रोज पाणी घालायची. शेजारच्या काकूंचं पाहून शिकली असेल म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘काकू नाही घालत. त्याला ऊन लागतंय ना.’