तीक्ष्णतेच्या आकड्यावर स्लाइडचा दर्जा ठरवता येईल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

स्कॅन केलेल्या स्लाइडचा (ऊतीचा पातळ काप बसवलेल्या काचपट्टीच्या डिजिटल प्रतिमेचा) दर्जा पॅथॉलॉजिस्टच्या नजरेवर सोडणे अशास्त्रीय आहे, प्रतिमा किती स्पष्ट आहे हे सांगणारा, संगणकाने काढलेला तीक्ष्णतेचा निर्देशांक पुरेसा आहे आणि ४० एक्सवर (४० पट विवर्धनाच्या भिंगाइतक्या तपशिलाने) स्कॅन केले की प्रश्न उरत नाही, असे आपण लिहिले आहे. माणसागणिक निकाल बदलतो हा आपला आक्षेप मला मान्य आहे. त्यावर सुचवलेला उपाय मात्र पटत नाही.

तीक्ष्णता मोजण्याच्या रूढ पद्धती शेजारच्या पिक्सेलांमधील फरक मोजतात. त्यामुळे मेदाचा किंवा श्लेष्म्याचा भाग अचूक फोकसमध्ये असूनही त्याला कमी गुण मिळतात, आणि कव्हरस्लिपवरची (कापावर झाकलेल्या पातळ काचेवरची) धूळ, पेनाची खूण किंवा कापाला पडलेली घडी यांना भरघोस मिळतात. संपूर्ण स्लाइडची सरासरी त्याहून फसवी असते. अनेक स्कॅनर ठरावीक बिंदूंवर फोकस घेऊन मधल्या जागेचा अंदाज बांधतात आणि काप सपाट नसेल तिथे तो अंदाज चुकतो. त्यातच ०.७५ न्यूमरिकल ॲपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप) भिंगाची फोकसची खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी, जेमतेम १ मायक्रॉन असते, काप मात्र ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो. जठराच्या बायोप्सीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधायचा असेल आणि नेमका पृष्ठभागावरचा श्लेष्माच धूसर आला असेल, तर उरलेली स्लाइड कितीही लख्ख असली तरी त्या रुग्णासाठी ते स्कॅन निरुपयोगी ठरते.

४० एक्स म्हणजे साधारणपणे प्रति पिक्सेल ०.२५ मायक्रॉन. वर सांगितलेल्या ०.७५ च्या भिंगाची हिरव्या प्रकाशातील विभेदनक्षमता, म्हणजे दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी लागणारे किमान अंतर, सुमारे ०.४५ मायक्रॉन आहे. पिक्सेल ०.२५ मायक्रॉनहून फार बारीक केले तर फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

नजरेला शिस्त लावण्याचा मार्ग उपलब्ध आहे. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या २०१३ च्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिजिटल पद्धत पडताळताना किमान ६० केसेस एकाच पॅथॉलॉजिस्टने मूळ काचेवर (सूक्ष्मदर्शकातून) आणि पडद्यावर, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ देऊन, तपासायच्या असतात. काचेशी ताडून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दोष स्कॅनरचा आहे की मुळात काप किंवा रंजनच (कापाला रंग देणे) बिघडले आहे, हे नुसत्या प्रतिमेवरून अनेकदा ठरवता येत नाही.

निर्देशांक टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. ऊती असलेल्या भागाचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा निर्देशांक काढला आणि सर्वांत कमी गुणांचे तुकडे तंत्रज्ञाला दाखवले, तर कोणती स्लाइड पुसून पुन्हा स्कॅन करायची हे त्याला पॅथॉलॉजिस्टकडे पाठवण्याआधीच कळेल.