लिपिड प्रोफाइल आणि ती 'जन्माची गोळी'

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आपण आधी ठळक छापलेला आकडा शोधतो आणि लगेच घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो. "टोटल कोलेस्टेरॉल २१८ आलंय, गोळी सुरू करू का?" गोळी म्हणजे स्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध. पाच मिनिटांत सात सल्ले येतात, त्यात 'एकदा लागली की सुटत नाही' हाही असतोच. माझं मत विचाराल तर एवढ्या माहितीवर 'कर सुरू' म्हणणारा आणि 'अजिबात नको' म्हणणारा, दोघेही हवेत बोलतायत.

टोटल हा त्या कागदावरचा सगळ्यात ढोबळ आकडा, कारण त्यात एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉलही धरलेलं असतं. एकीचं टोटल २१८ आणि एचडीएल ७५, दुसऱ्याचं टोटल तेच पण एचडीएल ३२. वजाबाकी केली की तिचे उरतात १४३, त्याचे १८६. हे नॉन-एचडीएल. धमन्यांच्या भिंतीत शिरून साचणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. रिपोर्टवर छापलेलं नसेल तर स्वतः काढा. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, तर बऱ्याचदा थेट मोजलेलंच नसतं. १९७२ सालच्या फ्रीडवाल्ड सूत्राप्रमाणे टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) पाचवा हिस्सा वजा करून ते काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की त्या आकड्यावर भरवसा नाही. थायरॉइड मंद असला तरी एलडीएल चढतं, तेव्हा तेही एकदा बघून घ्यावं.

आता गोळीचं. काही ठिकाणी फार चर्चेला जागाच नाही: हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे, किंवा चाळिशी उलटलीय आणि मधुमेह आहे. (१९० वाल्यांनी भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी. हे बऱ्याचदा घराण्यातूनच येतं.) खरा घोळ होतो तो मधल्या लोकांचा. त्यांच्या बाबतीत वय, रक्तदाब, सिगारेट, वडिलांना पन्नाशीच्या आत आलेला अटॅक, हे सगळं एकत्र धरून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढावा लागतो.

एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरलं की अटॅक-स्ट्रोकचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटतं, हे स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्यांतून दिसलंय. पण पंचमांश कशाचा? ज्यांचा धोका २० टक्के आहे अशा शंभर जणांत दहा वर्षांत वीसऐवजी सोळा जणांना त्रास होईल. ज्यांचा ५ टक्के आहे त्यांच्यात पाचाऐवजी चौघांना. गोळी तीच, टक्केवारी तीच, पण पदरात पडणारा फायदा चौपट वेगळा. म्हणून डॉक्टरांना "गोळी घेऊ का?" असं विचारू नका. "माझा धोका किती, आणि गोळीने तो कितीवर येईल?" असं विचारा. उत्तर ऐकून एखाद्याने सहा महिने सिगारेट सोडून, वजन उतरवून बघायचं ठरवलं तर कमी धोक्याच्या माणसासाठी मला ते रास्त वाटतं. स्टेंटवाल्याने तेच केलं तर तो निव्वळ हट्ट.

साइड इफेक्ट्सची भीती मी उडवून लावणार नाही. स्नायू दुखतात काहींचे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते. गरोदरपणात तर ही गोळी सहसा बंदच ठेवतात. पण २०२० साली प्रसिद्ध झालेली 'सॅमसन' नावाची चाचणी वाचण्यासारखी आहे. त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून ठेवलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग बिनऔषधाच्या गोळीवरही जाणवला. त्रास खोटा नव्हता, पण त्याचं मूळ बहुतांशी गोळीतल्या औषधात नव्हतं. ज्यांना खरंच झेपत नाही त्यांच्यासाठी डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन किंवा वेगळ्या गटातलं औषध, असे मार्ग आहेत.

राहिलं 'एकदा लागली की सुटत नाही'. सवय लागण्यासारखं या गोळीत काही नाही. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल जिथे होतं तिथे परत येतं, इतकंच. त्यामुळे "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मीच बंद केली" असं कुणी सांगितलं की मी विचारते, नॉर्मल कशामुळे आला होता?