चेहऱ्यामागे पैसे घेऊ नका, तासाचे घ्या

लहान मुलांच्या फेस पेंटिंगचं काम सुरू करू पाहणारी कुणीही भेटली की मी तिला आधी दराचं सांगते. चेहऱ्यामागे पैसे घेऊ नकोस, तासाचे घे. रंग आणि ब्रश यांवर नंतर बोलू. दर चुकीचा ठरवला तर महागातला रंगसुद्धा लेकरांच्या उपयोगाचा राहत नाही, हे मी आता ठामपणे सांगते.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आपल्या नागपूरकडचा लहान मुलांचा लाकडी नंदीचा सण, जवळ आला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात. "ताई, साठेक पोट्टे आहेत, दोन तासांत आटपून द्याल ना?" साठ मुलं, एकशे वीस मिनिटं. एकाच्या वाट्याला दोन. तेवढ्यात त्याला खुर्चीवर बसवायचं, काय हवं ते विचारायचं, चेहऱ्यावर पुरळ किंवा जखम नाही ना ते बघायचं, ब्रश धुवायचा आणि वर रंगवायचंही. पूर्ण चेहऱ्याचा वाघ काढायला मला पाच-सात मिनिटं लागतात. गालावरचं फुलपाखरू दोन-तीन मिनिटांत होतं, पण पोराला नंदी व्हायचं असेल तर तो फुलपाखरावर का ऐकेल? चेहऱ्यामागे दर ठरला की हात पळायला लागतो, आणि हात पळायला लागला की पहिली काट स्वच्छतेवर पडते. तिथे काय कमी झालं हे बघणाऱ्याला दिसत नाही ना.

स्पंजचंच घ्या. एका मुलाला एक स्पंज, हा नियम मोडायचाच नाही. वापरलेला स्पंज वेगळ्या पिशवीत जातो, घरी साबणाने धुतला जातो आणि पूर्ण वाळल्यावरच परत पेटीत येतो. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तासाभरात कडकडीत वाळवून देतं. तान्हा पोळा मात्र ऐन पावसाळ्यात येतो. स्पंज आतून ओला राहतो, त्याला वास येतो, बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यात जास्तीचे स्पंज लागतातच, आणि वास आलेला फेकून द्यायचा, जीव लावायचा नाही. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक रंग भिजवायला. गढूळ झालं की लगेच बदला. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय चित्रकलेच्या वर्गातून आलेल्या अनेकींना असते. इथे ती पहिल्याच दिवशी सोडावी लागते.

पावसाळ्याची दुसरी भानगड डोळ्यांची. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, आठवत असेल. लाल डोळा, वाहतं नाक, तोंडाभोवती पिवळसर खपल्या, गजकर्ण, उघडी जखम, यातलं काहीही दिसलं तर चेहरा रंगवायचा नाही. आई म्हणेल, "काही नाही हो, मच्छर चावला." तरी नाही. पण त्या लेकराला रांगेतून तसंच परत पाठवू नका. मी न उघडलेल्या स्टिकरची पाकिटं जवळ ठेवते. ते स्टिकर शर्टावर लागतं आणि पोरगं हसत जातं.

आता रंग. 'नॉन-टॉक्सिक' असं छापलेला पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक कातडीसाठी बनवलेला नसतो. चुकून थोडा पोटात गेला तर विषबाधा होणार नाही, एवढीच ती हमी. अ‍ॅक्रिलिक तर वाळून प्लास्टिकचा पापुद्रा होतं आणि काढताना कोवळी त्वचा ओढली जाते. आपल्याला सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवलेला रंग हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांना २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत असायला हवी. परदेशी माल असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव. रंग आणण्यासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं घालायला कायद्याने बंदी आहे, पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचाच पत्ता नाही तिच्यात काय आहे याचा जाब कुणाला विचारणार? नागपूरचा बाजार इतवारी असो की बर्डी, स्वस्त किट हातात आलं की आधी ते उलटं करून मागची बाजू वाचा.

चमकी घेतानाही तेच. हस्तकलेची चमकी डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा पडू शकतो. चेहऱ्यासाठी प्रसाधनाचीच बारीक चमकी घ्या, आणि तीसुद्धा डोळ्यांपासून लांब. 'काळी मेंदी' तर ठेवूच नका. तिच्यात बहुतेकदा केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याने फोड येतात, आणि एकदा अ‍ॅलर्जी झाली की ती जन्मभर सोबत राहू शकते.

चांगल्या रंगाचीही एखाद्याला अ‍ॅलर्जी असू शकते. वाढदिवसाचं बुकिंग असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघता येतो. मेळ्यात ते जमत नाही, म्हणून आईवडिलांना विचारायचं, आणि शंका वाटली तर नाही म्हणायचं. तीन वर्षांखालच्या बाळाचा चेहरा मी रंगवत नाही.

आणि जे मूल नको म्हणतं त्याचाही नाही. हे लिहिताना मला आजही राग येतो. फोटोसाठी रडणाऱ्या लेकराचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी ब्रश खाली ठेवायचा. तासाचे पैसे ठरलेले असले की ब्रश खाली ठेवणं परवडतं, चेहऱ्याचे ठरलेले असले की नाही. माझा सगळा आग्रह इथून आला आहे.

फोटोचंही तसंच. आपलं काम दाखवायला इन्स्टाग्रामवर चेहरे लागतात, मान्य. पण आईवडिलांचा स्पष्ट होकार घेतल्याशिवाय एकही टाकू नका. मुलांची वैयक्तिक माहिती वापरायला पालकांची संमती हवी, हे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. शाळेचा बिल्ला किंवा नाव दिसणारा फोटो तर होकार असला तरी नको.

कागदपत्रांचं फार टेन्शन घेऊ नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आगाऊ रक्कम, वेळ आणि मुलांची संख्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

सोसायटीवाल्यांनाही विनंती आहे. तुम्ही बोजाऱ्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांना द्यायच्या खाऊ-भेटींना, सढळ हाताने पैसे काढता, सजावटीला काढता. साठ मुलं असतील तर दोघी-तिघींना बोलवा, किंवा चार तासांचे पैसे द्या. नाहीतर फक्त गालावरची लहान चित्रं ठेवा आणि मुलांना तसं आधीच सांगा. बुकिंग करताना "किती चेहरे करून द्याल?" याऐवजी विचारा, "स्पंज किती आणाल? रंगाच्या डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवाल? एखाद्या मुलाला नाही म्हणायची वेळ आली तर काय कराल?" तिसऱ्या प्रश्नावर जी अडखळेल, तिला या वर्षी बोलवू नका.