नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका हो!

आज कोर्टात निकालाची सही-शिक्क्याची प्रत, म्हणजे नक्कल, देणाऱ्या नक्कल विभागाच्या खिडकीपाशी एक आजोबा उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीत निकालपत्राची प्रिंट, नातवानं कोर्टांच्या ई-कोर्ट्स साइटवरून काढून दिलेली. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा हरलेत, अपील करायचंय. निकालाला आज ४१ दिवस झाले. नकलेचा अर्ज? केलाच नाही. "डिक्री झाली की या म्हणाले होते." (डिक्री म्हणजे निकालानुसार कोर्ट काढतं तो औपचारिक हुकूम.) कोण म्हणाले? कुणीतरी.

हा 'कुणीतरी' मला एकदा भेटायला हवा.

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, हायकोर्टात ९०. निकालाचा दिवस धरत नाहीत. नकलेला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली वजा होतो, पण अर्ज दिल्यापासूनचा! डिक्री तयार करायला कोर्टाला लागलेले, तुमच्या अर्जाआधीचे दिवस तुमच्याच अंगावर. पाचव्या दिवशी अर्ज टाकला आणि नक्कल तयार व्हायला दहा दिवस लागले, तर ३० चे ४० होतात. तयार झालेली नक्कल चार दिवस नेली नाही, ते चारही तुमचेच. म्हणून नकलेवरच्या तिन्ही तारखा, म्हणजे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची, खिडकीवरच वाचून बघा.

बरं, कलम ५ खाली विलंबमाफी मागता येते, मान्य. आजोबांना आता तेच करावं लागणार. म्हणजे समोरच्याला नोटीस, त्याचं म्हणणं, तारखा, आणि मूळ अपील तोवर ताटकळत.

ती प्रिंट वाचायला छान आहे, पण सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. साइटचा खरा उपयोग केस शोधायला. १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, हाताशी असेल तर प्रश्नच नाही. नावावरून शोधताना 'निकाली' निवडायला विसरतात आणि "आमची केसच नाही" म्हणत परत येतात. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.

अर्जात दाव्याचा प्रकार, नंबर, वर्ष, पक्षकार, निकालाची तारीख आणि नेमका कागद लिहा. निकालपत्र, डिक्री, रोजनामा (तारखेगणिक कामकाजाची नोंद), की अमुक निशाणी (केसमधल्या कागदाचा क्रमांक)? 'सगळी फाईल' लिहिलंत की पैसेही वाढतात आणि दिवसही. अपिलात फाईल वर मागवली असेल तर खालचं कोर्ट नक्कल देणार कुठून? आधी ती कुठं आहे ते विचारा. आणि कृपा करून माहिती अधिकाराचं सांगू नका. कोर्टाच्या नियमांत सोय असताना नक्कल त्याच वाटेनं घ्यायची, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच म्हटलंय. त्रयस्थाला हवी असेल तर कारण लिहून मंजुरी घ्यावी लागते.

खिडकीतल्या बाईंवर मात्र राग धरवत नाही. समोर अर्जांचा ढीग, तरी आजोबांचा अर्ज त्यांनीच लिहून दिला, कोर्ट फीचं तिकीट कुठं चिकटवायचं ते बोटानं दाखवलं आणि तारखेचा शिक्का मारला. आजचा.