‘फ्रेंचची डिग्री म्हणजे तीन वर्षं पाण्यात’? त्या मेसेजचा समाचार

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. कॉलनीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, माझ्याच क्लासच्या पालकांचा ग्रुप, आणि शेवटी आत्याकडून, खाली ‘हे खरं आहे का गं?’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: ‘फ्रेंचमध्ये बी.ए. करून तीन वर्षं पाण्यात घालू नका. भाषा मोबाईलवर सहा महिन्यांत फुकट येते. शिकता शिकता पगारी अनुभव मिळतो म्हणतात, तो फक्त गोऱ्यांच्या पोरांना. नोकरी एकच, शाळेत मास्तर. बाकी सगळं एआय करतंय. कॅनडाला जायचं तर नुसती परीक्षा द्या. आणि कोल्हापुरात फ्रेंच बोलणार कुणाशी, रंकाळ्यावरच्या भेळवाल्याशी?’

भेळवाल्याचा मुद्दा मला आवडला. बाकीच्यांवर बोलते. मी फ्रेंचमध्येच पदवी आणि एम.ए. केलं, सात महिने फ्रान्समध्ये पगारी काम केलं, आणि आता राजारामपुरीत फ्रेंच शिकवते. म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. तो धरूनच वाचा.

‘सहा महिन्यांत फुकट येते.’

हिशेब करू. रोज पंधरा मिनिटं, एकही दिवस न चुकवता सहा महिने, झाले ४५ तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना फ्रेंच शिकवायला साधारण ३० आठवडे धरतं, तेही दिवसाचं मुख्य काम म्हणून वर्गात बसवून. त्यांची भाषा इंग्रजी, म्हणजे फ्रेंचमधले ढीगभर शब्द आधीच ओळखीचे. युरोपातल्या मोजपट्टीच्या सहा पायऱ्या आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. कंपन्या विचारतात ती बी-टू, म्हणजे चौथी. ४५ तासांत पहिलीसुद्धा धड चढून होत नाही. ॲप वाईट नाही, माझे विद्यार्थी केएमटीच्या सिटी बसमध्ये बसून त्यावर शब्द पाठ करतात. पण त्या भरवशावर कुणी फ्रेंच माणसाचा चिडलेला फोन घेऊन दाखवावा.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याला ठाऊक नसावी: मराठी पोरांना ही भाषा काही बाबतींत सोपी जाते. तू आणि तुम्ही यांतला फरक समजवावा लागत नाही. वस्तूंना लिंग असतं याचं नवल वाटत नाही. आणि जो नियम भल्याभल्यांना रडवतो, कर्म आधी आलं की भूतकाळाचं रूप कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं तो, मराठी माध्यमातल्या मुलाला एका वाक्यात कळतो: पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, झालं. गंमत आमच्या कोल्हापूरच्या मुलींची. घरी आम्ही ‘मी आलो, मी जातो’ म्हणणाऱ्या. फ्रेंचमध्ये ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ कानाला अगदी एकसारखं, फरक फक्त लिहिताना, शेवटी एक जादा ‘ई’. त्यामुळे तोंडी परीक्षेत आमचं कोल्हापूरपण झाकलं जातं आणि लेखीत बरोबर मार्क जातात.

‘पगारी अनुभव फक्त गोऱ्यांच्या पोरांना.’

हा मुद्दा जरा सोडवून बघावा लागेल, कारण त्यात खरं-खोटं एकमेकांत मिसळलंय. ब्रिटनमध्ये भाषेची पदवी बहुधा चार वर्षांची असते आणि तिसरं वर्ष परदेशात काढायचं असतं. कुणी तिथल्या विद्यापीठात बसतं, कुणी शाळेत इंग्रजीचा सहायक होतं, कुणी एखाद्या कंपनीत पगारावर काम करतं. ते वर्ष पदवीतच धरलेलं असतं. आपल्याकडे तशी सोय बांधून दिलेली नाही, हे खरं. अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी यूजीसीने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण फ्रेंचच्या पदवीला ती जोडलेली मी तरी पाहिलेली नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए.ला जे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलंय, त्यात क्रेडिट मिळतात. पैसे मिळतीलच असं नाही.

पण ‘फक्त गोऱ्यांना’ हे साफ चूक. फ्रान्सचं सरकार तिथल्या शाळांमध्ये परदेशी भाषा-सहायक नेमतं, आणि इंग्रजीसाठी भारतातले फ्रेंचचे विद्यार्थीही घेतं. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला १२ तास, हातात महिन्याला साधारण ८०० युरो. मी याच कामावर गेले होते. आत्याने त्या आकड्याला लगेच रुपयांनी गुणलं आणि शेजारी सांगून आली. प्रत्यक्षात भाडं, भाजी आणि बसचा पास यांत बहुतेक पैसे संपत. शिल्लक म्हणाल तर थोडी, आणि एक मोठी: चौदा-पंधरा वर्षांच्या तीस फ्रेंच पोरांपुढे उभं राहिल्यावर तोंड उघडावंच लागतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांचं निम्मं बोलणं नुसती मान हलवून निभावलं. जानेवारीत मी त्यांना ओरडत होते, फ्रेंचमध्ये, न अडखळता.

आता यात मेसेजने लपवलेली मेख अशी की या कामासाठी बी-वनच्या पुढची भाषा लागते, नाहीतर निभाव लागत नाही, आणि माझ्याबरोबर निवडले गेलेले जवळजवळ सगळे विद्यापीठात फ्रेंच शिकणारेच होते. म्हणजे ज्या डिग्रीला पाण्यात घातलं म्हणता, तीच या कामाची वाट होती.

फ्रान्समध्ये शिकायलाच गेलात तर विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं, म्हणजे सरासरी आठवड्याला साडेअठरा तास. इंटर्नशिप दोन महिन्यांहून लांब असेल तर मानधन देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. दोन महिन्यांच्या आत असेल तर नाही. एजंट पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात. आणि ते मानधन म्हणजे पगार नव्हे, त्यावर घर चालत नाही.

‘नोकरी एकच, शाळेत मास्तर.’

मास्तरकी कमी लेखायचं कारण नाही. केंद्रीय बोर्डाच्या शाळा आणि अकरावी-बारावीत मार्कांसाठी फ्रेंच घेणारी मुलं यांवर बऱ्याच जणांची चूल पेटते, माझीसुद्धा. पण माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणी पुण्यात मोठ्या कंपन्यांच्या सेवा केंद्रांत आहेत. काम काय, तर फ्रान्स-बेल्जियमहून आलेली बिलं तपासायची, पुरवठादाराला फोन करायचा, अडलेलं पेमेंट सोडवायचं. रोमांच शून्य. पण घड्याळ बघा: फ्रान्स आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास, म्हणजे अमेरिकेसारखं रात्रभर जागायचं नाही, दुपारी जायचं आणि रात्री घरी. अशा जागांवर फ्रेंचबरोबर अकाउंट्स येणाऱ्याला आधी घेतात. नुसती कविता येणाऱ्याला नंतर. मला कविता जास्त येत होती.

‘एआय करतंय.’

साध्या भाषांतराचे दर पडलेत, हे कबूल. पूर्वी पानावर पैसे मिळायचे, आता ‘मशीनने केलंय, फक्त नजर टाका’ म्हणून त्याच्या चतुर्थांशात मागतात. इथे मेसेजवाला बराचसा बरोबर आहे.

फक्त ती ‘नजर टाका’ कशाला म्हणतात ते सांगते. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांनी मला फ्रेंच गिऱ्हाइकाचा तक्ता दाखवला, मशीनने भाषांतर केलेला. एका रकान्यात ‘वितळणे’, पुढच्यात ‘अणुकेंद्र’. मालक म्हणाले, ‘मॅडम, हे कास्टिंगचं हाय का जैतापूरचं?’ मूळ शब्द होते ‘फाँत’ आणि ‘न्वायो’. ‘फाँत’ म्हणजे वितळणंही आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंडही. ‘न्वायो’ म्हणजे आंब्याची कोय, अणूचं केंद्रक, आणि फाउंड्रीत चक्क कोर, म्हणजे नग पोकळ यावा म्हणून साच्यात ठेवतात तो गाभा. वाक्यात असते तर मशीनने ओळखले असते. तक्त्यात एकटा शब्द पडला की ते गोंधळतं. त्याच तक्त्यात वजन लिहिलं होतं १,२५० किलो. फ्रेंच लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. तो नग सव्वा किलोचा होता. कोटेशन साडेबाराशे किलोच्या वाहतुकीचं निघायच्या बेतात होतं.

हे पकडायला डिग्री लागते का? नाही, सवय लागते. पण ती सवय मला त्या तीन-पाच वर्षांतच लागली.

‘कॅनडाला जायचं तर नुसती परीक्षा द्या.’ बरोबर. तिथे फ्रेंच येतं याचा पुरावा म्हणून डिग्री धरत नाहीत, टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांच्या कॅनडासाठीच्या आवृत्तीचे गुण लागतात, आणि ते दोनच वर्षं चालतात. डेल्फ या फ्रेंचच्याच दुसऱ्या परीक्षेचं आजन्म चालणारं प्रमाणपत्र तिथे (क्वेबेक प्रांताचे नियम वेगळे) चालत नाही, हे मात्र मेसेजमध्ये घालायला हवं होतं, कारण त्यापायी फी वाया घालवलेले दोघं मला माहीत आहेत.

आणि कोल्हापूर. फ्रेंच बोलायला इथे माणूस सापडत नाही, मान्य. विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, पण फ्रेंचची पूर्ण पदवी म्हटलं की बहुतेकांना पुणे, मुंबई, दिल्ली किंवा हैदराबाद गाठावं लागतं. दिल्लीत जेएनयूला शून्यापासून सुरुवात करणाऱ्यालाही बी.ए.ला घेतात आणि फी अगदी थोडी. आमच्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण पुण्यात खोली घ्यायची, मेस लावायची, म्हणजे घरचा हिशेब कोलमडतो. मेसेजवाल्याने खरं तर हा मुद्दा काढायला हवा होता. यावर माझ्याकडे झटकन उत्तर नाही.

गेल्या वर्षी कागलची एक मुलगी आईला घेऊन याच कारणासाठी आली होती. वडिलांचं म्हणणं, पुणे परवडणार नाही. मी डिग्रीचा हट्ट धरला नाही. ती इथेच बी.कॉम. करते, संध्याकाळी माझ्याकडे येते, आणि बी-टूच्या परीक्षेसाठी मागच्या महिन्यात आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेसने पुण्याला जाऊन आली. तोंडी परीक्षेत तिला गावातल्या बाजाराबद्दल बोलायला सांगितलं. ती म्हणे गुळावर दहा मिनिटं बोलली. निकाल अजून यायचाय.