क्युबातले वादक नोटेशन (लिहिलेलं संगीत) वाचत नाहीत? खुलासा

‘क्युबात कोंगा-बाता हे ढोल सगळे फक्त ऐकूनच शिकतात, लिहिलं की ताल मरतो’ असा मेसेज तालवादकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा. बाताचे तीन ढोल (इया, इतोतेले, ओकोन्कोलो) परंपरेने जाणत्यांसोबत वाजवत, कानानेच शिकले जातात. पण हवानात १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कला विद्यालयात तालवाद्यांचे विद्यार्थी नोटेशनही शिकतात. क्युबन संगीताचे अभ्यासक फर्नांदो ऑर्तिझ यांच्या ग्रंथांत तर १९५०च्या दशकातच बाताचे ठोके लिहून छापले गेले. कागद तोकडा पडतो हे मात्र खरं: रुंबा क्लावेचा (रुंबा संगीताचा पाच ठोक्यांचा मूळ साचा) तिसरा ठोका चार-चार आणि सहा-आठ या दोन मात्रा-मापांच्या मधेच कुठेतरी पडतो. तो ऐकल्याशिवाय हातात बसत नाही. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर हा खुलासा टाका.