अनलिमिटेड सुख, वैधता २८ दिवस

मोबाईलचा अनलिमिटेड प्लॅन घेताय? अभिनंदन! योग्य निर्णय. दुसरा कुठला मिळाला असता म्हणा. तरी पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून काही सूचना.

महिना २८ दिवसांचा असतो, हे आधी मनाशी पक्कं करा. पगार, घरभाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, दूधवाला, ही सगळी जुन्या कॅलेंडरवर अडकलेली मंडळी. त्यांच्या वर्षात बारा महिने, तुमच्या वर्षात तेरा रिचार्ज. तेरावा कशाचा, असं विचारू नये. तेराव्याला लोक गोड जेवतात आणि घरी जातात. ट्रायने, म्हणजे या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं होतं की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवा. आहेतही ते. अ‍ॅपमध्ये शोधून दाखवा, चहा माझ्याकडून.

रोजचा दीड जीबी रोज संपवा. उरला तर रात्री बाराला गेला. ऑफिसात वायफाय, घरी वायफाय, मग संपवायचा कुठे? त्याची सोय ठाण्याच्या घोडबंदर रोडने केली आहे. कापूरबावडी ते कासारवडवली एवढ्या प्रवासात रील्स बघत बसलात की कोटा संपतो, गाडी तिथेच असते.

कोटा संपला तरी घाबरू नका, नेट बंद होत नाही. ६४ केबीपीएसने चालू राहतं. म्हणजे एक एमबी उतरायला दोन मिनिटांच्या वर. यूपीआयचं चक्र फिरत असताना रिक्षावाल्याच्या नजरेला नजर देऊ नका.

घरात रेंज नसेल तर बाल्कनीत जा.

फारच राग आला तर कंपनी बदला. नंबर तोच राहतो. दरही जवळपास तेच राहतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात भाव वाढवले, त्यामुळे निवड करताना फार डोकं लावावं लागत नाही.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला मात्र डेटावाला प्लॅन घ्याच. आमच्या आईकडे बटणांचा फोन आहे. त्याला नेट नाही, कॅमेरासुद्धा नाही. ती मावशीशी बोलते, भाजीवाल्याला भाजी पाठवायला सांगते आणि मला "जेवलास का?" विचारते. परवा वैधता संपली म्हणून वाघबीळच्या एका दुकानात गेली आणि रोज दीड जीबी घेऊन आली. "अनलिमिटेड आहे काकू, बिनधास्त वापरा," असं त्या पोराने सांगितलं म्हणे. वापरा! काय वापरा? २८ दिवसांचे ४२ जीबी त्या फोनमध्ये कुठे ओतायचे? मी दुकानात जाऊन म्हटलं, अरे, फक्त बोलायचा प्लॅन दे ना. "तसा नसतो सर." नसतो? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केलाय, की डेटा नसलेलं, फक्त कॉल आणि एसएमएसचं निदान एक व्हाउचर प्रत्येक कंपनीने ठेवलंच पाहिजे. त्याला मोबाईलवर दाखवलं. तो म्हणतो, "हां, हा आहे, पण हा कोणी घेत नाही." कसा घेणार? दुकानात बोर्ड नाही, जाहिरात नाही, अ‍ॅप उघडलं की आधी ओटीटीवाले प्लॅन नाचतात. आणि कंपन्यांनी आणले ते ८४ दिवसांचे, नाहीतर साधारण वर्षाचे. ज्याला महिन्याचे पैसे जमवताना नाकी नऊ येतात, त्याने एकदम वर्षाचे कुठून भरायचे?

बरं, नको तुमचा रिचार्ज म्हणावं, तर तीही सोय नाही. आधी आउटगोइंग बंद, मग काही दिवसांनी इनकमिंग. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, गॅसचा त्याच नंबरवर, आधारही त्यालाच जोडलेलं. नंबर जिवंत ठेवायचा तर आईने न बघितलेल्या रील्सचे पैसे भरायचे. ही विक्री नाही, खंडणी आहे. कंपन्यांनो, सरळ सांगतो, लाज वाटायला पाहिजे. ज्याला नेट नको त्याच्या गळ्यात नेट मारता, वाचलेला डेटा रात्री बाराला परत गिळता आणि वर एसएमएस पाठवता, "प्रिय ग्राहक, आपला प्लॅन संपत आहे."

आणि तुम्हीही कमी नाही. भाजीवाल्याशी पाच रुपयांच्या कोथिंबिरीवरून भांडता, आणि इथे वर्षाचा तेरावा रिचार्ज मान खाली घालून, स्क्रॅच कार्डात काय निघतंय ते बघत भरता. आईवडिलांच्या फोनवर कुठला प्लॅन चालू आहे, ठाऊक तरी आहे का? नसेल तर आज बघा. डेटा निघाला तर पुढच्या वेळी दुकानात स्वतः जा, कॉलवालाच मागा, आणि तो "नसतो सर" म्हणाला की तिथून हलू नका.